चाकांवरचे घर आणि परभणीची काळी माती

निवृत्तीनंतर घराला कुलूप लावावे, कॅम्पर व्हॅनमध्ये संसार भरावा, मागच्या कप्प्यात गोल्फच्या काठ्या ठेवाव्यात आणि गावोगावच्या मैदानांवर खेळत, वाटेत समानधर्मी वाहनमालकांच्या मेळाव्यांना हजेरी लावत ऋतू काढावा, हे युरोप-अमेरिकेतील मध्यमवर्गाचे जुने स्वप्न आहे. त्यामागे शतकभराची संघटित परंपरा आहे. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन मालकांचा क्लब १९०७ साली स्थापन झाला. अमेरिकेत ‘एअरस्ट्रीम’ या चंदेरी फिरत्या घरांच्या मालकांनी १९५५ मध्ये आपली संघटना उभारली. मालकांचे मेळावे म्हणजे निव्वळ गप्पांचे फड नसतात. मुक्काम कोठे करावा, पाणी कोठे मिळेल, सांडपाण्याची विल्हेवाट कशी लावावी, याचे नियम याच मेळाव्यांतून आणि संघटनांतून घडत गेले.

महाराष्ट्राने या वाटेवर पाऊल टाकले ते २०२१ मध्ये. करोनाच्या साथीने हॉटेलांचे व्यवहार ठप्प झालेले असताना राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी, मुद्रांक शुल्क व वीज शुल्कात सवलत, वस्तू व सेवाकराचा परतावा अशा तरतुदी त्यात आल्या. केरळनेही त्याच वर्षी असे धोरण आणले. ज्या भागात चांगली हॉटेले नाहीत, पण पाहण्यासारखे पुष्कळ आहे, तेथे पर्यटक पोहोचावा, हा या धोरणाचा गाभा. हे वर्णन परभणी जिल्ह्याला तंतोतंत लागू पडते. प्रश्न असा, की हे फिरते घर परभणीत आलेच, तर ते उभे कोठे राहणार?

हिरवळीचा मोह

पर्यटनविकासाचा विषय निघाला, की ‘गोल्फ रिसॉर्ट’ हा शब्द हमखास पुढे येतो. व्हॅनमधून येणारा सधन पाहुणा गोल्फ खेळतो, म्हणून गोल्फचे मैदान हवे, असा हा युक्तिवाद. महाराष्ट्रात हा खेळ ब्रिटिश अमदानीपासून आहे. नाशिकचे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आजही अनेकांच्या तोंडी ‘गोल्फ क्लब मैदान’च आहे. मराठवाड्यात मात्र या मोहाची किंमत पाण्यात मोजावी लागेल.

हिशेब साधा आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. वीस हेक्टर हिरवळीला उन्हाळ्यात दररोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचे ठरवले, तर दिवसाला दहा लाख लिटर लागतात. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून शेजारच्या लातूरला पोहोचलेल्या पहिल्या पाणीगाडीत दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. म्हणजे अशा दोन गाड्यांचे पाणी हिरवळ एका दिवसात पिऊन टाकील. त्याच आठवड्यात, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला होता, हा योगायोग विसरता येण्याजोगा नाही.

प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरता येईल, असे उत्तर यावर दिले जाते, आणि ते चुकीचे नाही. भारतातील अनेक जुन्या मैदानांवर हिरवळीऐवजी तेल मिसळून दाबलेल्या वाळूवर हा खेळ वर्षानुवर्षे खेळला गेला, हेही खरे. तेव्हा आक्षेप खेळाला नाही. अवर्षणप्रवण जिल्ह्याच्या पर्यटनाचा पाया म्हणून हिरवळ निवडण्याला आहे.

पाहण्यासारखे काय?

परभणीकडे स्वतःचे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. संत जनाबाईंचे गंगाखेड गोदाकाठी आहे. जिंतूर तालुक्यात चारठाण्याची प्राचीन मंदिरे, नेमगिरीच्या जैन गुंफा आणि पूर्णा नदीवरील येलदरी धरण आहे. साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादामुळे जानेवारी २०२० मध्ये राज्यभर चर्चेत आलेले पाथरी याच जिल्ह्यातले. १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ परभणी शहरात आहे. ही सारी स्थळे विखुरलेली आहेत आणि चारचाकी घर घेऊन येणाऱ्यासाठी विखुरलेपण ही अडचण नसून निमंत्रण असते. समृद्धी महामार्गामुळे मुंबई-पुण्याकडील वाहन जालन्यापर्यंत सुखाने येते. खरी परीक्षा त्यापुढे आहे.

कॅम्पर व्हॅनच्या गरजा चारच आहेत: पिण्याचे पाणी, विजेची जोडणी, शौचालयाची टाकी रिकामी करण्याची सोय आणि उभे राहण्यास टणक जागा. यातील शेवटची गरज परभणीत सर्वांत कठीण. येथील काळी कसदार जमीन कापसाला आणि ज्वारीला वरदान. पण आषाढात त्याच जमिनीवर दोन-तीन टन वजनाचे वाहन उभे केले, तर चाके रुतून बसतात आणि ट्रॅक्टर बोलवावा लागतो. मुरूम-खडीचा थर दिल्याखेरीज येथे मुक्कामतळ होऊच शकत नाही.

पाच वाहनांचा तळ

यासाठी कोट्यवधींचे प्रकल्प लागत नाहीत. ब्रिटनमधील १९६० च्या कायद्याने मान्यताप्राप्त संघटनांना लहान तळ प्रमाणित करण्याचा अधिकार दिला. शेतकऱ्याने आपल्या शेतात एका वेळी सदस्यांची फार तर पाच वाहने उभी करू द्यायची. नळ आणि सांडपाण्याची सोय ठेवायची. तपासणी संघटनेने करायची. त्यातून शेतकऱ्याला जोडउत्पन्न मिळाले. महाराष्ट्राचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ चे कॅराव्हॅन धोरण यांची अशी सांगड घातली, तर गंगाखेड वा जिंतूरच्या शेतकऱ्यालाही हे शक्य आहे. मालकांच्या मेळाव्यांना खरा अर्थ येईल तो येथे. तळाचे नियम आखण्याची आणि पाळण्याची जबाबदारी मालकांनीच उचलली पाहिजे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. चाकांवरचे घर परभणीला नवे नाही. शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी दरवर्षी परभणी-गंगाखेडमार्गे जाते. वारीत दिंड्यांबरोबरच्या ट्रकमध्ये शिधा, भांडी आणि अंथरूण-पांघरूण असते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे संसारासह ट्रक-ट्रॅक्टरमधून कारखान्यांकडे निघतात. या सर्वांनाही त्याच चार गोष्टी हव्या असतात. त्यांतही सुरक्षित शौचालयाअभावी सर्वाधिक हाल सोसतात त्या स्त्रिया.

म्हणून सरकारी पैशातून उभारायचे तळ केवळ हौशी पर्यटकांसाठी असू नयेत. वारीच्या दिवसांत वारकऱ्यांना, हंगामात ऊसतोड कुटुंबांना आणि एरवी कॅम्पर व्हॅनला खुला असलेला तळ वर्षभर वापरात राहील, आणि वापरातल्या वास्तूचीच देखभाल होते. गोल्फच्या काठ्या घेऊन येणाऱ्या पाहुण्याचे स्वागत जरूर व्हावे. त्याच्यासाठी घातलेला मुरमाचा थर वारकऱ्याच्या ट्रकलाही चिखलातून वाचवतो का, यावर मात्र या धोरणाचे यश जोखले गेले पाहिजे.