‘जपून जा’ पुरे झाले, रात्रीची बस द्या!

परगावच्या प्रवाशाला रात्री द्यावयाच्या उपदेशांची यादी आता सर्वांना तोंडपाठ आहे. अंधार पडल्यावर बाहेर पडू नका, एकट्याने फिरू नका, दागिने घालू नका, अनोळखी माणसाशी बोलू नका, रिकाम्या बसमध्ये चढू नका. काही बरेवाईट घडले की हीच यादी पुन्हा वाचून दाखवली जाते. यादीतला प्रत्येक शब्द प्रवाशाला उद्देशून आहे. बस चालवणाऱ्या महामंडळाने काय करावे, स्थानक बांधणाऱ्या पालिकेने काय करावे, अर्थसंकल्प मांडणाऱ्या सरकारने काय करावे, याबद्दल अवाक्षर नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. रात्रीच्या प्रवासाची सुरक्षितता ही आधी सेवेची बाब आहे, प्रवाशाच्या सावधपणाची बाब नंतर. वेळेवर येणारी बस, उजेडातले स्थानक आणि गणवेशातला जागा माणूस, या तीन गोष्टी असतील तर परका माणूसही निर्धास्त घरी पोचतो. काटकसरीच्या नावाखाली कात्री लागते ती नेमकी याच तीन गोष्टींना. म्हणून हा प्रश्न जितका प्रवाशांचा, तितकाच परिवहन कामगारांचा आहे.

तंजावरचेच उदाहरण का?

मराठी माणसाला तंजावर परके नाही. 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तिथे राज्य स्थापले आणि 1855 पर्यंत ते भोसल्यांकडे राहिले. बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली कोरलेला मराठी शिलालेख पाहायला, सरस्वती महाल ग्रंथालयातली हस्तलिखिते चाळायला आजही आपली माणसे जातात. पण पर्यटक हा पाहुण्यांतला एक भाग झाला. तंजावरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आसपासच्या जिल्ह्यांतून रोगी येतात. त्यांच्याबरोबर आलेली, डबा आणि औषधाची चिठ्ठी घेऊन रात्री थांब्यावर उभी राहिलेली बाई हीसुद्धा त्या शहरात पाहुणीच असते. तिच्या शेजारी पाळी संपवून निघालेली परिचारिका उभी असते. दोघींना हवी असलेली बस एकच आहे.

याच तंजावरात सरफोजीराजांच्या काळी रामेश्वरच्या वाटेवर छत्रे होती. ओरतनाडूचे मुक्तांबाळ छत्र त्यांपैकीच एक. इंग्रज ही छत्रे ताब्यात घेतील या भीतीने 1801 साली राजाने रेसिडेंट टोरिन याला एक पत्र लिहिले आणि छत्रांत काय चालते ते सांगितले. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्यांपर्यंत सर्व वाटसरूंना अन्न मिळे, आजाऱ्याला वैद्य मिळे. अन्नवाटप मध्यरात्रीपर्यंत चाले, आणि मग घंटा वाजवून जाहीर केले जाई की, जो कोणी उपाशी राहिला असेल त्याने पुढे यावे.

राजेशाहीची आरती ओवाळण्याचा आमचा हेतू नाही. त्या काळचे जातीभेद आणि शेतकऱ्यावरचा सारा आम्ही विसरलेलो नाही. पण उशिरा पोचलेला वाटसरू ही राज्याची जबाबदारी आहे, त्याचा स्वतःचा गुन्हा नव्हे, एवढी समज 1801 साली होती. आज लोकशाही आहे, महामंडळ आहे, संगणक आहे, आणि मध्यरात्री उतरलेल्या माणसाला शेवटची शहर बस गेली की आहे, हे सांगायलाही कोणी नाही. याला प्रगती म्हणायचे काय?

स्थानके गेली गावाबाहेर

तंजावरला दोन बसस्थानके आहेत. जुने गावात, किल्ल्याच्या आणि बाजाराच्या लगत. रेल्वे स्थानकापासून जवळ. नवे शहराबाहेर, काही किलोमीटर दूर. लांब पल्ल्याच्या गाड्या नव्या स्थानकावर येतात, लॉज आणि रेल्वे जुन्या बाजूला. मधले अंतर शहर बसने भरून काढायचे. दिवसा ते भरून निघते. रात्री फेऱ्या विरळ झाल्या की तेच अंतर प्रवाशाच्या अंगावर येते.

हे एकट्या तंजावरचे दुखणे नाही. चेन्नईत दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी किलाम्बाक्कमचे नवे स्थानक 30 डिसेंबर 2023 रोजी सुरू केले. उद्घाटनाच्या वेळी तिथे मेट्रो नव्हती आणि स्वतःचे रेल्वे स्थानकही नव्हते. फेब्रुवारी 2024 मध्ये गाड्या अपुऱ्या पडल्या म्हणून प्रवाशांना मध्यरात्री रस्ता अडवावा लागला. तिरुचीच्या लांब पल्ल्याच्या गाड्याही 2025 साली शहराबाहेर पंजप्पूरच्या नव्या स्थानकातून सुटू लागल्या. गावातली वाहतूक मोकळी व्हावी हा हेतू वाईट नाही. पण इमारत आधी आणि जोडणारी बस मग, हा क्रम कोणी ठरवला? ज्यांच्या दारात मोटार उभी असते त्यांनी! रात्री साडेअकराला पिशवी आणि लेकरू घेऊन उतरणाऱ्या बाईला कोणी विचारले नव्हते.

मोकळी जागा कोण भरतो?

सार्वजनिक सेवा माघार घेते तेव्हा तिची जागा रिकामी राहत नाही. 16 डिसेंबर 2012 च्या रात्री दिल्लीत मुनीरकाच्या थांब्यावर एक तरुणी आणि तिचा मित्र गाडीची वाट पाहत होते. तिथे आली ती सरकारी बस नव्हती. आली ती काळ्या काचांची, पडदे लावलेली, प्रवासी घेण्याचा परवाना नसलेली खाजगी बस. पुढे काय झाले ते देशाला ठाऊक आहे. त्या दोघांनी सावधपणाच्या यादीतला कुठला नियम मोडला होता? ती दोघे होती, रस्ता वाहता होता, आणि ती बसमध्येच चढली होती.

आपल्या पुण्यात, स्वारगेट आगारात, 25 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे फलटणला निघालेल्या तरुणीला, तुझी गाडी दुसरीकडे लागली आहे, असे सांगून एका माणसाने उभ्या असलेल्या शिवशाही बसकडे नेले आणि तिथे तिच्यावर बलात्कार झाला, अशी तक्रार नोंदली गेली. यातला मुद्दा नीट पाहा. कोणती गाडी कुठे लागली आहे ही माहिती देणे हे वाहतूक नियंत्रकाचे काम. ती माहिती ठळकपणे आणि अधिकृतपणे मिळते तिथे भामट्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. मुक्कामी गाड्यांची दारे बंद आहेत की नाहीत, हे पाहणारा माणूस असतो तिथे अंधारी बस सापळा होत नाही. घटनेनंतर पहिली कुऱ्हाड पडली ती तिथल्या सुरक्षारक्षकांवर. त्यांना हटवण्याचे आदेश निघाले. त्यांची चूक असेल तर चौकशी जरूर व्हावी. पण स्थानकाला माणसे किती हवीत आणि प्रत्यक्षात किती दिली, हा हिशेब मंत्रालयातल्या कोणाकडून कधी मागितला गेला काय?

बटण आहे, माणूस कुठे आहे?

दिल्लीच्या घटनेनंतर 2013 मध्ये 1,000 कोटी रुपयांचा निर्भया निधी उभारला. सार्वजनिक वाहनांत धोक्याचे बटण आणि गाडीचा ठावठिकाणा सांगणारे यंत्र बसवण्याचा नियम झाला. कॅमेरे आले. यंत्राला आमचा विरोध नाही. पण बटण दाबल्यावर वाजते ती घंटा ऐकणारा, गाडी थांबवणारा, त्या प्रवाशापाशी जाऊन उभा राहणारा शेवटी माणूसच लागतो. रात्रीच्या गाडीत तो माणूस म्हणजे वाहक.

आणि त्याच वाहकाला गाडीतून उतरवण्याचा डाव वर्षानुवर्षे चालू आहे. तमिळनाडूत 2018 साली काही मार्गांवर विनावाहक गाड्या सुरू झाल्या. आपल्या एस.टी.तही विनावाहक फेऱ्या आहेत. दिल्लीत स्त्रियांच्या रक्षणासाठी बसमध्ये नेमलेल्या सुमारे 10,000 मार्शलांना 2023 च्या नोव्हेंबरपासून घरी बसवण्यात आले. ‘सुरक्षा’ हा शब्द भाषणात ठेवायचा आणि सुरक्षा देणाऱ्याचा पगार तेवढा कापायचा, असा हा उफराटा कारभार आहे.

तमिळनाडूने मे 2021 पासून साध्या शहर बसमध्ये सर्व स्त्रियांना मोफत प्रवास दिला. त्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. महाराष्ट्राने मार्च 2023 पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे केले, तेही चांगलेच. पण भाडे शून्य झाले तरी रात्री फेरीच शून्य असेल तर त्या सवलतीचा उपयोग काय? जून 2025 मध्ये तमिळनाडू सरकारने मिनीबसच्या नव्या योजनेचा प्रारंभ केला, तो तंजावरातूनच. या गाड्या खाजगी मालकांच्या. मालक भरल्या गाडीकडे पाहणार. रात्रीची रिकामी फेरी तोटा सोसून चालवायची तर ते सार्वजनिक महामंडळच करू शकते. त्यासाठीच 1972 साली तमिळनाडूत सरकारी परिवहन महामंडळे उभी राहिली. त्यांतलेच एक कुंभकोणमचे चोळन महामंडळ 1997 पासून तमिळनाडू राज्य परिवहन महामंडळ या एकाच नावाखाली आले. तंजावरच्या गाड्या त्याच कुंभकोणम महामंडळाच्या.

आपल्यावरचे आक्षेप

विरोधकांचा पहिला आक्षेप तोट्याचा. रात्रीच्या दिव्याला कोणी तोटा म्हणत नाही, अग्निशामक दलाला आग लागली नाही म्हणून कोणी बंद करत नाही. रात्रीची बस त्याच जातीची सेवा आहे. तिचा खर्च सरकारने महामंडळाला रोख द्यावा, चालक-वाहकाच्या भविष्य निर्वाह निधीतून आणि निवृत्तांच्या देण्यांतून तो भागवू नये. तमिळनाडूतील कामगार जानेवारी 2018 मध्ये आठवडाभर आणि पुन्हा जानेवारी 2024 मध्ये संपावर गेले. त्यांच्या मागण्यांत थकलेली देणी होती. संपाने लोकांचे हाल झाले हे खरे. पण वर्षभर रोज रात्री फेऱ्या गाळून होणारे हाल कोणाच्या खात्यावर मांडायचे?

दुसरा आक्षेप आपल्या वागण्यावर आहे, आणि तो झटकून टाकून चालणार नाही. रात्री हात केला तरी गाडी थांबत नाही, भाषा न समजणाऱ्याला वाहक खेकसतो, बाईला थांब्याच्या पुढे अंधारात उतरवतो, अशी तक्रार प्रवासी करतात. दमलेला माणूस चिडतो, हे आम्ही जाणतो. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तास ठरवले, जिथे रात्रीचा मुक्काम तिथे विश्रांतीगृह देण्याचे बंधन मालकावर घातले. हा कायदा आता 2020 च्या संहितेत विलीन झाला आहे; पण कायदा जुना असो वा नवा, डासांत, गाडीच्याच बाकावर झोपणारे चालक-वाहक कोणी पाहिले नाहीत? ते हाल मांडण्याचा अधिकार आपल्याला आहे. ते हाल प्रवाशावर काढण्याचा अधिकार मात्र नाही. रात्री गाडीत चढलेला परका माणूस आपला वर्गशत्रू नव्हे. उद्या आपल्या बाजूने उभा राहणारा तोच आहे.

केरळच्या परिवहन महामंडळाने 2022 मध्ये आदेश काढला की रात्री 8 ते सकाळी 6 या वेळात स्त्रिया, वृद्ध आणि अपंग सांगतील तिथे गाडी थांबवावी. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात 1996 पासून रात्री स्त्रियांना दोन थांब्यांच्या मध्ये उतरता येते. या गोष्टीला एक पैसा लागत नाही. मग तंजावरात, पुण्यात, सोलापुरात ती का होऊ नये?

तोवर पाहुण्याने काय करावे?

मागणी मान्य होईपर्यंत प्रवास थांबत नाही, म्हणून चार कामाच्या गोष्टी. तंजावरला पोचण्याची वेळ शक्यतो पहाटेची किंवा दिवसाची ठेवा. अपरात्री रेल्वेने उतरलात तर उजाडेपर्यंत प्रतीक्षालयात बसण्यात कमीपणा नाही. लॉजचा पत्ता तमिळ लिपीत लिहून घ्या, कारण बसवरचे फलक तमिळमध्ये असतात, आणि आपल्याकडे ते मराठीत असतात तितकेच ते रास्त आहे. ‘पळैय बस स्टँड’ म्हणजे जुने, ‘पुदु बस स्टँड’ म्हणजे नवे, हे ध्यानात ठेवा. उतरताच वेळ नोंदणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारा, ‘कडैसी बस एत्तनै मणिक्कु?’ म्हणजे शेवटची बस किती वाजता. वाहकाला ‘अण्णा’ म्हणून हाक मारा, त्याच्या जवळच्या बाकावर बसा, उतरायचे ठिकाण आधी सांगून ठेवा. गाडी कुठे लागली हे फक्त गणवेशातल्या माणसाकडून ऐका. रिक्षा घेतलीत तर भाडे आधी ठरवा. रिक्षावालाही कष्टकरीच आहे, त्याला आल्याबरोबर चोर समजू नका. अडचणीत 112, रेल्वेत 139, स्त्रियांसाठी 181 हे क्रमांक चालतात.

आमच्या मागण्या

1. शेवटची आगगाडी आणि लांब पल्ल्याची शेवटची बस आल्यानंतरच शहर बसची शेवटची फेरी सुटावी. गाडी उशिरा आली तर बसही थांबावी.

2. रात्रीच्या प्रत्येक फेरीत वाहक असलाच पाहिजे. विनावाहक फेऱ्या रात्री बंद कराव्यात.

3. प्रत्येक स्थानकावर रात्रभर वाहतूक नियंत्रक असावा. शेवटच्या फेरीपूर्वी तिची घोषणा व्हावी. गाडीचा क्रमांक दुरून वाचता येईल असा असावा.

4. स्त्रियांना रात्री मागतील तिथे उतरवण्याचा लेखी आदेश निघावा, आणि त्यामुळे वेळ गेल्यास चालक-वाहकावर कारवाई होऊ नये.

5. रात्रीच्या फेऱ्यांचा तोटा सरकारने दरमहा भरून द्यावा. सुरक्षारक्षक, सफाई कामगार आणि नियंत्रक यांची कंत्राटी भरती बंद करून त्यांना कायम करावे.

6. मुक्कामी कर्मचाऱ्यांना, स्त्री वाहकांसह, स्वच्छ आणि कुलूप लागणारे विश्रांतीगृह मिळावे. जिथे वाहक स्त्री निर्धास्त झोपू शकत नाही, तिथे प्रवासी स्त्री निर्धास्त उतरू शकणार नाही.

मित्रहो, या मागण्या पगारवाढीच्या पत्रकाच्या तळाशी, शेवटच्या ओळीत टाकण्यासारख्या नाहीत. वेतनकराराच्या बोलणीत त्या पहिल्या पानावर घ्या. आगाराच्या दारसभेत परिचारिकांना, हमालांना, बाजारातल्या फळवाल्या बायकांना, रात्रपाळीच्या गिरणी कामगारांना बोलवा आणि त्यांच्या सह्या घ्या. आपण त्यांच्या रात्रीच्या बससाठी भांडलो, तर आपल्या रोजीसाठी ते रस्त्यावर येतील. मध्यरात्रीची घंटा वाजवण्याची जबाबदारी सरकारची आहे. ते ती विसरले असेल, तर आठवण करून द्यायला संघटना आहे.