फडालाही कायदा होता



बागलाणातल्या फड या सामूहिक सिंचन पद्धतीचा दाखला देऊन, सरकार आणि कायद्याविना समाज सुखाने चालतो, असा निष्कर्ष आपल्या रविवारच्या लेखात काढला आहे. त्यासाठी फडाची माहिती अर्धीच सांगितली आहे.

मोसम, आरम, पांझरा या नद्यांच्या बंधाऱ्यांचे पाणी शेतकऱ्यांनी स्वतः वाटून घेतले, हे खरे. पण कोणत्या फडात यंदा कोणते पीक, हे एकट्या शेतकऱ्याच्या मर्जीवर नव्हते. पाणी पाटकरी द्यायचा, उभ्या पिकावर जागल्या नजर ठेवायचा, नियम मोडणाऱ्याला दंड व्हायचा. हा कायदाच होता आणि तो बजावायला माणसेही नेमलेली होती.

अलीकडच्या उदाहरणातही सरकार आहेच: वाघाड धरणावरच्या पाणीवापर संस्था शेतकऱ्यांनी हिमतीने उभ्या केल्या; परंतु धरण सरकारी, पाणी पाटबंधारे खात्याकडून मोजून घेतलेले, आणि पाण्याच्या हक्काला बळकटी २००५च्या सिंचन व्यवस्थापन अधिनियमाने दिली.

जातपंचायतीबद्दल लेखात अवाक्षर नाही, हे मला सर्वांत खटकले. सरकारबाह्य न्याय कसा असतो ते तिथे दिसते: आंतरजातीय लग्न केले म्हणून कुटुंब वाळीत, वर दंड, आणि दाद मागायला जागा नाही. जातपंचायत मूठमाती अभियान २०१३ मध्ये नाशिकमधूनच सुरू झाले. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा जुलै २०१७ पासून लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्याला आता तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

लेखकाने पुढचा लेख लिहिण्यापूर्वी वाळीत पडलेल्या एखाद्या कुटुंबाशी बोलावे.

— एक वाचक, पंचवटी, नाशिक