लाल, पिवळा की काळा?

मंडळी, आज एक सॉलिड सीरियस विषय. गाडीचा रोबो होणारी छोटी खेळणी. हसू नका! तुमच्यातल्या किती जणांच्या मॉनिटरवर चिमुकला पिवळा बम्बलबी उभा असतो, ते मला पक्कं ठाऊक आहे. उरलेल्यांचा ड्रॉवरमध्ये असतो.

या रोबोंचा खरा फंडा रूपांतराचा नाहीच, तो आहे डायचा. डाय म्हणजे साचा. पण हिंगणा किंवा भोसरीच्या एमआयडीसीत जाऊन ‘साचा’ म्हणालात तर लोक तुम्हाला शाळामास्तर समजतील. पोलादाचे दोन भाग एकमेकांवर घट्ट बसतात, आत वितळलेलं प्लास्टिक दाबाने शिरतं, थंड होतं आणि मागच्या पिना तुकडा बाहेर ढकलतात. खेळण्याच्या पाठीवर बारीक गोल खुणा दिसतात ना, त्या या पिनांच्या. डाय बनवायला पैसा रग्गड लागतो, त्या मानाने प्लास्टिकचा दाणा स्वस्त. मग काय, एकदा डाय झाली की तिच्यातून जमेल तितका माल काढायचा. आज पिवळा, उद्या लाल, परवा काळा.

हे सगळ्यात झक्कास जमवलं हॅस्ब्रोने. 1984 मध्ये या अमेरिकन कंपनीने जपानच्या टाकारा कंपनीची ‘डायाक्लोन’ आणि ‘मायक्रोमॅन’ या मालिकांतली तयार खेळणी घेतली आणि ‘ट्रान्सफॉर्मर्स’ नावाने विकायला काढली. त्यातली तीन जेट विमानं बघा. स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर, स्कायवार्प. डाय एकच! एक करडं, एक निळं, एक काळं-जांभळं. पण मार्व्हल कॉमिक्सच्या बॉब बुडियान्स्की यांनी बहुतेक पात्रांना नावं दिली आणि खोक्यावर छापायला चार ओळींचा स्वभावही लिहून दिला. झालं! करडा खुर्चीवर डोळा ठेवून बसलेला, निळ्याला आपल्याच पक्षाबद्दल शंका, काळा खोडकर. प्लास्टिक तेच, माणसं तीन. (एकाच कॅम्पसमधून एकाच पगारावर उचललेले तिघे आठवले का? मलाही.)

छोट्या गाड्यांचीही तीच कथा. पहिला बम्बलबी फोक्सवॅगन बीटल होता. 2007 च्या सिनेमाने त्याची कमारो केली आणि 2018 मध्ये तो परत बीटल झाला. त्याचा भाऊ शोभेल असा क्लिफजम्पर. 1984 मध्ये हे दोघेही लाल आणि पिवळ्या अशा दोन्ही रंगांत मिळायचे, म्हणजे नुसत्या रंगावरून कोण कोणता ते सांगणं कठीण. 1986 मध्ये क्लिफजम्परच्या डायमध्ये थोडी दुरुस्ती करून, डोकं बदलून ‘हबकॅप’ आला, ब्रॉनचा ‘आउटबॅक’ झाला, गिअर्सचा ‘स्वर्व्ह’. आपल्याकडे एमआरएफ समूहाच्या फनस्कूलने हॅस्ब्रोच्याच डाय वापरून जीआय जोचे सैनिक काढले होते. ते रोबो नव्हते, पण रंगसंगती इतकी बिनधास्त होती की परदेशातले संग्राहक आजही ते शोधत असतात.

एवढं ज्ञान गाठीशी असल्यावर ते कुठेतरी पाजळायला हवं. मी ते पाजळलं थेट मार्कंड्याला, महाशिवरात्रीच्या जत्रेत! सोबत सहा वर्षांचा भाचा. नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोली, पुढे चामोर्शी आणि मग उत्तरवाहिनी वैनगंगेच्या काठावरचं मार्कंडा. काय कोरीव देवळं आहेत, बघत राहावं! लोक त्याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात. हेही एक प्रकारचं रिपेंटच म्हणायचं, दुसऱ्याचं नाव लावून खपवायचं. या शिल्पांना त्याची गरज नाही, कारण इथल्या दोन मूर्ती एका साच्यातून निघालेल्या नाहीत.

दर्शनाच्या रांगेतून सुटल्यावर भाचेबुवांनी मला थेट खेळण्यांच्या दुकानाकडे ओढलं. फुगे, पिपाण्या, टिकल्या, आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत लटकलेले रोबो. लाल, पिवळा, काळा. पन्नास रुपयांना एक. मॉलमधला ब्रँडेड घ्यायचा तर याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. खोका नाही, नाव नाही, स्वभाव नाही. मी तिन्ही मागवून घेतले आणि तिथेच बैठक मारली. डाय एकच, शंकाच नको. तिन्हींच्या पाठीवर पिनांच्या खुणा अगदी त्याच जागी, डाव्या दारावर तोच बारीक ओरखडा. म्हणजे ओरखडा डायलाच पडलेला होता.

दुकानवाले भाऊ माझा उद्योग बघत होते. शेवटी म्हणाले, “ताई, रंग नका पाहू, सांदा पाहा.”

बरोब्बर! पाच वळणांत गाडीचा रोबो होतो. पाय खाली, हात बाहेर, बॉनेट छातीवर, डोकं वर आणि एक कंबरेचा पीळ. पिवळ्याचे सगळे सांधे कडक, हात वर केला की वरच राहतो. लाल दिसायला एकदम हिरो, पण उजवा हात लुळा, खिळा सैल बसलेला. काळ्याच्या कडेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा राहिलेला, बोटाला टोचणारा. डायचे दोन भाग नीट मिटले नाहीत, किंवा डाय झिजली, की माल फटीतून असा बाहेर येतो. आणि त्याला वासही येत होता.

इथे रंग पाहावा लागतो. या स्वस्त खेळण्यांना वरून रंग मारत नाहीत, तो दाण्यातच मिसळलेला असतो. पुन्हा वितळवलेलं सरमिसळ प्लास्टिक पिवळ्यात लगेच मळकट दिसतं, काळ्यात सगळं लपतं. जुन्या टीव्ही-कॉम्प्युटरच्या खोक्यांचं काळं प्लास्टिक खेळण्यांत आल्याचं आणि त्यात आग रोखण्यासाठी घातलेली ब्रोमीनची घातक रसायनं सापडल्याचं अनेक देशांतल्या तपासण्यांत दिसलंय. प्रत्येक काळं खेळणं तसंच असतं असं नाही, आणि नाकाने ते कळतही नाही. पण ज्याच्यावर कुणाची सहीच नाही असा काळा माल मी पोराच्या हातात देणार नाही.

सही म्हणजे आयएसआय मार्क. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर तो सक्तीचा आहे, नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना तेवढी सूट. शिवाय खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 झालं आणि 2023 मध्ये 70. या तिघांच्या पिशव्या मी उलटसुलट केल्या, मार्क कुठेच नव्हता. भाऊंना विचारलं तर ते म्हणाले, “आमी इतवारीतून उचलतो. पेटी बंद येते. लाल आधी खपते, काळा मागं रायते.”

त्यांच्यावर काय चिडणार? नागपूरच्या होलसेल बाजारातून पेटी उचलायची, चार जत्रा करायच्या, पन्नासातले जे दहा-पंधरा सुटतील त्यावर घर चालवायचं. मार्क लावणारा आणि तो तपासणारा, दोघेही या पालापासून फार लांब. म्हणून तपासणी आपणच करायची, दुसरं कोण करणार? सांधे ओढून बघा, कडेवरून बोट फिरवा, सुटणारा तुकडा आहे का पाहा. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर सुटणारे तुकडे असलेलं खेळणं नकोच, मार्क असो वा नसो.

माझा निकाल ठरला होता, पिवळा. तिन्ही मांडून मी भाच्याला सगळं समजावलं. डाय, दाणा, सांधे, पापुद्रा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि लाल उचलला.

“अरे, त्याचा हात सैल आहे.”

“मावशी, तो लढून आलाय.”

भाऊंनी न मागता दहा रुपये कमी केले. पिवळा मी माझ्यासाठी घेतला, ऑफिसच्या मॉनिटरवर ठेवायला. काळा त्यांनी परत दोरीला लटकवला.