रंगीत नकाशाआधीची गृहीतके

लखनऊचा बडा इमामबाडा नवाब आसफउद्दौलाने 1784 च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून बांधायला घेतला. मधले दालन सुमारे 50 मीटर लांब, 16 मीटर रुंद. छताला तुळई नाही, मध्ये खांब नाही.

बांधकामाचे छोटे तुकडे पाडून त्यातला ताण-दाब मोजणाऱ्या फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअरमध्ये या दालनाची जाळी विणणे तसे सोपे. पण इथली चुन्यात बसवलेली लखौरी, म्हणजे लहान पातळ, वीट दाब पेलते, ताण जवळजवळ नाहीच. तिला पोलादासारखे मानले, तरी सॉफ्टवेअर निमूटपणे ताण-दाबाचा देखणा रंगीत नकाशा काढून देते. तो साफ खोटा असतो! पाया अचल धरला की खचणारा, दालनाच्या वरच्या भुलभुलैया नावाच्या चक्रव्यूही वाटांच्या पोकळ्या दाखवल्या की गाळल्या, यावरही उत्तर बदलते.

वारसा इमारतींच्या दुरुस्ती अहवालात ही गृहीतके नकाशाच्या आधी छापणे सक्तीचे करावे.