हमीदार विद्यापीठे आणि दिपोटीची फेरी

जुन्या पिढीतल्या वाचकांना दिपोटीची फेरी आठवत असेल. नव्यांनी निदान वडीलधाऱ्यांच्या तोंडून तिच्याविषयी ऐकले असेल. दिपोटीसाहेब येणार अशी कुणकुण लागली की शाळेच्या भिंतींना चुना लागे, फाटके नकाशे कपाटामागे जात, हजेरीपटातले रिकामे रकाने एका रात्रीत भरून निघत आणि दोनतीन चुणचुणीत मुलांना पहिल्या बाकावर आणून बसवले जाई. साहेब येत, दोन प्रश्न विचारीत, शेरेबुकात चार ओळी खरडीत आणि चहा घेऊन जात. आज हीच पाळी विलायतेतल्या मोठमोठ्या विद्यापीठांवर आली आहे, असे सांगितले तर कोणाला थट्टा वाटेल. पण ती थट्टा नव्हे, आणि दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या ज्या घरांतली मुले तिकडे शिकत आहेत, त्या घरांनी तर तिच्याकडे लक्ष द्यावेच.

व्यवस्था अशी आहे. ब्रिटनमध्ये २००९ सालापासून परदेशी विद्यार्थ्याला व्हिसा हवा असेल, तर त्याच्यामागे सरकारी लायसेन्स असलेली एक शिक्षणसंस्था 'स्पॉन्सर' म्हणून उभी असावी लागते. ती संस्था एक क्रमांकित प्रवेशपत्र काढते. त्याला तिकडे 'कॅस' म्हणतात, आणि त्या क्रमांकावाचून विद्यार्थ्याच्या व्हिसाचा अर्जच पुढे सरकत नाही. २०२० मध्ये या व्यवस्थेचे नाव बदलले, पण गाभा तोच राहिला. लायसेन्स आहे तोवर परदेशी विद्यार्थी आहेत. लायसेन्स गेले की त्याच दिवशी ते दार बंद.

'स्पॉन्सर' या शब्दाने आपल्याकडे मात्र मोठा घोटाळा केला आहे. स्पॉन्सर म्हणजे पैसे देणारा, अशी आपली समजूत. आणि बडोद्यात ती असणे साहजिकही आहे. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या सरकारने भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात धाडले, तेव्हा दरमहा साडेअकरा पौंड याप्रमाणे तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याचा करार लिहून घेतला. (चाकरीसाठी ते १९१७ साली आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला धड जागा मिळाली नाही, हे आठवले की आपली मान खाली जाते. ती कहाणी वेगळी.) तो पाठीराखा खरा, कारण त्याने पदरचे पैसे घातले होते. आजचे विलायती विद्यापीठ विद्यार्थ्याला बहुधा काही देत नाही. उलट त्याच्याकडून घसघशीत फी घेते आणि सरकारपाशी त्याच्याबद्दल जामीन राहते. म्हणून मी त्याला हमीदार म्हणतो. हमी विद्यार्थ्याला दिलेली नाही, विद्यार्थ्याबद्दल दिलेली आहे, एवढा फरक ध्यानात ठेवला की पुढचे सारे उलगडते.

हमी कशाची? मुलगा ठरल्या वेळी येऊन नाव नोंदवील, अभ्यासाला हजर राहील, आणि न आल्यास किंवा मध्येच सोडून गेल्यास विद्यापीठ दहा कामकाजाच्या दिवसांच्या आत सरकारला कळवील याची. शिवाय प्रत्येकाच्या पासपोर्टची प्रत, तिथे राहण्याच्या परवान्याचा पुरावा, चालू पत्ता व फोन, गैरहजेरीची नोंद आणि ज्या गुणपत्रिकांच्या बळावर प्रवेश दिला त्यांच्या प्रती, हे सारे दप्तर मागताक्षणी पुढे ठेवता आले पाहिजे. तपासनीस आगाऊ कळवून येतात, न कळवताही येतात. कागद पाहतात, कारकुनांना विचारतात, विद्यार्थ्यांशीही बोलतात.

माझ्याकडे लहानपणी सात-आठ वर्षे पेटी शिकलेला एक मुलगा इंग्लंडातल्या एका विद्यापीठाच्या अशाच कचेरीत नोकरीला आहे. तपासणीच्या तयारीची हकीगत तो अधूनमधून लिहून कळवतो. त्यांनी म्हणे आपली आपणच एक लुटुपुटूची तपासणी करून पाहिली. वाटेल त्या तीस विद्यार्थ्यांची नावे उचलायची आणि प्रत्येकाचा माग पहिल्या अर्जापासून कालच्या तासापर्यंत काढायचा. तेव्हा कळले की प्रवेश कचेरीत एक पत्ता आहे, वसतिगृहाकडे दुसरा, आणि प्राध्यापकाला वाटते आहे की तो मुलगा गेल्या महिन्यातच दुसऱ्या वर्गात गेला. सगळे खरे बोलत होते, पण एकमेकांशी कोणीच बोलत नव्हते. नावांची तर तऱ्हाच! आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर क्रम वेगळा. त्यात कोठे 'राव' लागलेला, कोठे गळलेला. मुलीचे लग्न झालेले असले तर आणखी एक आडनाव. तिथल्या कारकुनाच्या लेखी ही तीन माणसे होतात. ती तिन्ही एकच आहेत, हे समजावून सांगण्यात आमच्या पेटीवाल्याचा अर्धा दिवस जातो.

त्याने लिहिलेले एक वाक्य मला फार पटले. तो म्हणतो, गुरुजी, तपासणीच्या आधी पंधरा दिवस कागद गोळा करता येतात, पण हजेरी मागून गोळा करता येत नाही. दिपोटीच्या काळी ती येत असे, हा भाग निराळा.

हजेरीवरून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. माझे वडील संस्थानाच्या शेवटच्या वर्षांत दरबारच्या कलावंत खात्यात सारंगीला होते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. ते सांगत, की त्या खात्यातही हजेरी होती, रजेचे नियम होते, दंड होता. मोठ्या गवयालासुद्धा रजेचा अर्ज लिहावा लागे. पण हजेरी मांडणाऱ्या कारकुनाला गाणे कळते, असा दावा तिथे कोणी करीत नसे, आणि गवयावरही कारकुनी करण्याची पाळी येत नसे. विलायतेत नेमका हा पडदा फाटला आहे. पूर्वीच्या नियमांत लागोपाठ दहा अपेक्षित भेटी चुकल्या की विद्यापीठाने सरकारला कळवायचे असे होते. आता भर अभ्यासातल्या सहभागावर आहे, पण पाहणारा डोळा शिक्षकाचाच. ज्याच्यापाशी मुलाने 'मला जमत नाही, घरची आठवण येते' असे मोकळेपणी बोलावे, तोच सरकारचा खबऱ्या झाला, तर मुलगा बोलणार कोणापाशी?

हे सारे कागदी खेळ वाटत असतील, तर २०१२ सालचा ऑगस्ट आठवावा. लंडन मेट्रोपोलिटन विद्यापीठाचे हमीदारीचे लायसेन्स सरकारने त्या महिन्याच्या अखेरीस, नवे वर्ष सुरू होण्याच्या तोंडावर, रद्द केले. नमुन्यादाखल पाहिलेल्या विद्यार्थ्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिकांना देशात राहण्याची परवानगीच नव्हती, हजेरीची देखरेख ढिसाळ होती आणि इंग्रजीच्या पात्रतेचे पुरावे अपुरे होते, असे सरकारचे म्हणणे पडले. दोन हजारांहून अधिक परदेशी विद्यार्थी टांगणीला लागले. दुसरी संस्था शोधा, नाहीतर देश सोडा. मुदत साठ दिवस. त्यांत फी भरलेले होते, शेवटच्या वर्षाला पोचलेले होते, ज्यांचे कागद लख्ख होते असेही होते. पुढे सप्टेंबरात न्यायालयाने कायदेशीर परवानगी असलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना ते वर्ष पुरे करण्याची मुभा दिली आणि २०१३ च्या एप्रिलात विद्यापीठाला लायसेन्स परत मिळाले. विद्यापीठ उभे आहे. ज्या मुलांनी त्या साठ दिवसांत सामान बांधले, त्यांना मात्र ते वर्ष कोणी परत दिले नाही. २०१४ साली इंग्रजीच्या परीक्षेतील लबाडी उघडकीस आली, तेव्हाही लबाड आणि प्रामाणिक एकाच जाळ्यात सापडल्याच्या तक्रारी पुढे कित्येक वर्षे चालू राहिल्या.

सरकारची बाजू अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. वर्ग नाही, शिक्षक नाही, आणि फक्त व्हिसा विकणारी दुकाने लंडनात होती. त्यांना आळा घालायलाच हवा होता. पण उपाय जो झाला, त्यात आकड्यांची एक गंमत आहे. प्रवेशपत्र दिलेल्यांपैकी किती जणांना व्हिसा नाकारला गेला, याचे प्रमाण २०१४ पासून शेकडा दहाच्या आत ठेवावे लागू लागले; आलेल्यांनी नाव नोंदवण्याचे प्रमाण शेकडा नव्वद, अभ्यासक्रम पुरा करण्याचे पंचाऐंशी. २०२५ च्या मे महिन्यातल्या श्वेतपत्रिकेत सरकारने या तिन्ही ठिकाणी आणखी पाच पाच टक्क्यांनी फास आवळण्याचे जाहीर केले, शिवाय तांबडा, पिवळा, हिरवा अशी प्रतवारी. म्हणजे शंभर प्रवेशपत्रे काढणाऱ्या संस्थेला पूर्वी दहावा नकार नडत असे, तिथे पाचवाच नडणार.

आता पाहा काय होते. व्हिसा नाकारायचा अधिकार सरकारी अधिकाऱ्याचा, पण त्याचा दंड विद्यापीठाला. मग विद्यापीठ काय करील? ज्याला नकार मिळेल अशी शंका आहे, त्याला प्रवेशपत्रच देणार नाही. २०२५ च्या अखेरीस काही ब्रिटिश विद्यापीठांनी पाकिस्तान आणि बांगलादेशातून विद्यार्थी घेणे आवरते घेतल्याच्या बातम्या आल्या, त्या या हिशेबातूनच. त्यात अमुक मुलगा हुशार की ढ, सच्चा की लबाड, हा प्रश्नच उरत नाही. त्याचा देश पाहिला जातो. सरकारने नाकारले तर निदान कारणाचा कागद हाती येतो. विद्यापीठाने मुकाट्याने टाळले, तर दाद मागायला कागदही नाही. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतला खरा अन्याय हा आहे, तपासणीतला नव्हे.

आणि विद्यापीठे हे सोसतात का? तिथल्या घरच्या विद्यार्थ्याकडून घ्यायच्या फीला इंग्लंडात कायद्याने मर्यादा आहे. २०१७ पासून ती ९,२५० पौंडांवर अडकून पडली होती आणि २०२५-२६ साठी ९,५३५ झाली. परदेशी विद्यार्थ्याच्या फीला अशी मर्यादा नाही. तेव्हा लायसेन्स हा संस्थेच्या इभ्रतीचा नव्हे, पगारपत्रकाचा प्रश्न आहे. म्हणूनच त्या कचेऱ्या रात्री उशिरापर्यंत जागतात.

आपल्याकडच्या घरांनी यातून काय पाहावे? विद्यापीठाचे नाव, मानांकन, इमारतींची चित्रे सगळे पाहतात. एजंटाला मात्र कोणी विचारीत नाही, की या संस्थेच्या लायसेन्सची स्थिती काय, ते कधी स्थगित झाले होते का, आणि उद्या ते गेले तर फीचे काय. वाड्यातला हिस्सा गहाण टाकून कर्ज काढणाऱ्या बापाला हे विचारण्याचा अधिकार आहे. मुलाने घर बदलले, तर तो पत्ता आईला कळण्याच्या आधी विद्यापीठाला कळला पाहिजे, हेही त्याला इथूनच बजावून पाठवावे. आजारपणाने चार दिवस घरात राहिला, तरी दोन ओळींचे पत्र टाकायला काय जाते?

आमच्या पेटीवाल्याच्या विद्यापीठातली तपासणी अजून व्हायची आहे. गेल्या आठवड्यातल्या पत्रात तो लिहितो, की तीसांपैकी सव्वीस दप्तरे लागली. उरलेल्या चौघांना तीन पत्रे गेली, फोन गेले. दोघांचे पत्ते मिळाले. एक मुलगी इस्पितळात होती, आणि तिने कोणालाच कळवले नव्हते. चौथ्याचा शोध चालू आहे.