बांधीतलं संख्याशास्त्र

संख्याशास्त्र हा रुक्ष विषय आहे असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. विषय रुक्ष नाहीये हो, शिकवणारे तो वाळवतात. आमच्या भंडाऱ्याकडे धान वाळवतात तसा.

भंडारा जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात (नाव नको) मी हे शिकलो. शिकलो म्हणजे काय, तर फळ्यावर वर्गांतर आणि वारंवारतेचा तक्ता यायचा. मग गृहीतमध्य धरा, विचलनं काढा, गुणा, बेरजा मारा, भागा. गेल्या दिवाळीत मामेबहिणीची वही चाळली, तीच गणितं! अहो, ही गृहीतमध्याची युक्ती हाताने आकडेमोड करणाऱ्यांचे कष्ट वाचावेत म्हणून होती. खिशात मोबाइल असलेल्या पोरीकडून ती घोकून घेणं म्हणजे मोटार बसवलेल्या विहिरीवर मोट हाकायला शिकवणं. आणि तक्त्यातले आकडे आले कुठून, कुणी मोजले, कुणाला वगळलं? हे विचारायचं नाही. मागच्या बाकावरून एकाने विचारलं होतं, "सर, हे कायले शिकाचं?" उत्तर मिळालं, "पेपरात येते म्हणून."

आता गंमत बघा. वर्गातली बहुतेक पोरं धान पिकवणाऱ्या घरची. आणि दर हंगामात त्यांच्याच बांध्यांमध्ये संख्याशास्त्राचा अस्सल प्रयोग चालतो: पीक कापणी प्रयोग. गाव आणि सर्व्हे नंबर यादृच्छिक पद्धतीने निवडायचे. शेताच्या कोपऱ्यातून इतकी पावलं लांबीला, इतकी रुंदीला, तीही यादृच्छिक आकड्यांनीच ठरलेली, नाहीतर माणसाचा पाय आपोआप बरं पीक दिसतं तिकडे वळतो. तिथे दोरीने तुकडा आखायचा, धान कापायचं, झोडायचं, तोलायचं. नमुना म्हणजे काय, हे याहून चांगलं कुठल्या पुस्तकात सापडणार?

बरं, हे शास्त्र परदेशातून आयतं आलेलं नाही. त्याच्या पायाशी एक मराठी माणूस आहे: सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग सुखात्मे. १९४०च्या दशकात त्यांचा थेट महालनोबिसांशी वाद झाला. महालनोबिसांच्या पद्धतीत नमुन्याचे तुकडे लहान असत. सुखात्म्यांचं म्हणणं, तुकडा फार लहान असला की उत्पन्न फुगून दिसतं, कारण कडेवरची रोपं आत की बाहेर, या शंकेत माणूस ती आत धरतो. आणि तुकडा जितका लहान, तितका कडेचा वाटा मोठा. १९४६ साली हे 'नेचर'मध्ये छापून आलं. एका रोपाच्या जागेवरून पूर्वग्रहाचा अख्खा धडा उभा राहतो! आमच्या वर्गात मात्र लाल-काळे चेंडू पिशवीतून काढणं चालू होतं.

हा नुसता बौद्धिक खेळ असता तर मी एवढा तणतणलो नसतो. २०१६पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत महसूल मंडळामागे किमान १० कापणी प्रयोग धरले आहेत. त्यांची सरासरी उंबरठा उत्पन्नाच्या जितकी खाली, त्या प्रमाणात भरपाई. आता समजा, उंबरठा हेक्टरी २० क्विंटल, सरासरी आली १८. तूट १० टक्के. विम्याची रक्कम ५०,००० असेल तर हातात ५,०००. पण तुकड्यातुकड्यातल्या उत्पन्नाचं प्रमाण विचलन समजा ६ क्विंटल असेल, तर १० प्रयोगांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी १.९ येते. म्हणजे दोन क्विंटलचा फरक निव्वळ कुठले तुकडे निवडले गेले यावरूनही पडू शकतो. (माझे आकडे कल्पित आहेत, भागाकार खरा आहे.) २०२३पासून धानाच्या अंदाजात उपग्रहांवर आधारित मॉडेललाही किमान ३० टक्के वजन आहे. भारित सरासरी, दुसरं काय? पुस्तकात आहे की ती! पण बाप भरपाईचा आकडा घेऊन घरी येतो तेव्हा पदवीधर पोरगी तोंडात बोट घालून बसते, कारण तिने प्रमाण विचलन शंभरदा काढलंय आणि ते कशाचं असतं हे तिला एकदाही सांगितलेलं नाही.

यावर ठरलेली उत्तरं मिळतात. पोरांचं गणित कच्चं, लॅब नाही, अभ्यासक्रम वरून येतो. गणित कच्चं असलेली पोरं बांधीकडे बघून किती पोती होतील ते सांगतात, आणि अंदाज फार चुकत नाही. लॅब तर कॉलेजच्या कुंपणापलीकडे पसरलीय. अभ्यासक्रमाचं म्हणाल, तर "सरासरी" शिकवताना कशाची घ्यायची यावर बंदी कुणी घातलीय?

आणि आपण आयटीवाले काही कमी नाही. बटण हिरवं ठेवू की निळं यासाठी लाखभर लोकांवर ए/बी टेस्ट लावतो, नमुना पुरेसा आहे का यावर मीटिंगा झोडतो. गावचं कॉलेज भाषणाला बोलावतं तेव्हा मात्र मशीन लर्निंगच्या स्लाइड्स आणि "बी पॅशनेट". पुढच्या वेळी त्या स्लाइड्स घरी ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा, धान कापणीला आलेलं असतं. दोरी, मोजपट्टी आणि वजनकाटा न्या. विळा पोरांकडे असतोच.