जन्मताच गुन्हेगार : ‘1984’ आमच्यासाठी भविष्य नव्हते

सरकारी पाळतीच्या विज्ञानकथा वाचून आपल्याकडचा शिकलेला वर्ग फार अस्वस्थ होतो. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘1984’ मध्ये भिंतीवरचा पडदाच घरातल्या माणसावर नजर ठेवतो. त्याआधीच्या, रशियन लेखक झाम्यातिनच्या ‘आम्ही’ या कादंबरीत माणसांना नावेच नाहीत, फक्त क्रमांक आहेत. पुस्तक मिटून लोक विचारतात, उद्या खरेच असे झाले तर?

आम्ही विचारतो, उद्या कशाला? हे काल घडून गेले आहे.

1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. रजिस्टरात नाव, पोलिसांपुढे हजेरी, गाव सोडायचे तर पास. 1911 च्या कायद्याने बोटांचे ठसेही घेतले. सोलापुरात तर माणसे तारेच्या कुंपणात ठेवली. ऑर्वेलचा विन्स्टन स्मिथ विचार करतो म्हणून गुन्हेगार ठरतो. आमचे पारधी, कैकाडी बांधव जन्माला आले म्हणून ठरले!

हे सगळे एकट्या इंग्रजांचे पाप आहे असे कुणी म्हणेल. ते अर्धसत्य आहे. धंदा आणि स्वभाव जन्माने ठरतो, ही शिकवण इंग्रजांनी आणली नव्हती. ती जातिव्यवस्थेची. सरकारने तिची फक्त नोंदवही केली. गावाला पाळतीसाठी पडदा लागत नव्हता. आडनाव विचारले की काम भागत असे. म्हणून ‘व्यक्ती विरुद्ध सरकार’ एवढीच लढाई दाखवणाऱ्या कथा आम्हाला अपुऱ्या वाटतात. त्यांत नाव हिरावले जाण्याची भीती आहे. आमच्या वाट्याला आलेले नावच मुळी बेडी होते.

‘1984’ प्रसिद्ध झाली 1949 च्या जूनमध्ये. त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावले की राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. ऑर्वेलने सर्वशक्तिमान नेत्याचे चित्र काढले. बाबासाहेबांनी तो कशाने तयार होतो ते सांगितले. सामाजिक आणि आर्थिक विषमता राहिली तर राजकीय लोकशाही टिकणार नाही, हेही त्याच भाषणात आहे.

31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला. पण सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले, आणि चोरी झाली की पोलीस आजही आधी पारध्यांच्या पालावर जातात. दुसरीकडे रेशन दुकानात आयुष्यभर राबून झिजलेल्या बोटांचा ठसा मशीनवर जुळत नाही आणि हक्काचे धान्य अडते. तेव्हा ठसा उमटला म्हणून माणूस संशयित. आता उमटत नाही म्हणून!

2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. हा हक्क बंगल्यातल्या माणसाइतकाच पालावरच्या माणसाचा आहे. आपण कोण हे जातही ठरवणार नाही आणि पोलिसांचे रजिस्टरही नाही. आम्हाला विज्ञानकथा जरूर हव्यात, पण त्या लिहिताना आधी ही जुनी रजिस्टरे उघडा.

जय भीम!